सातव्या मजल्याच्या शोधात, तात्यांबरोबर

तात्या,

चार दिवसांपूर्वी तुमच्या दशक्रियेला मी हसले. आधी त्याबद्दल माफी मागते आणि मग बाकीचं सांगते.

घाटावर सगळे गंभीर बसले होते. महाराजांचं प्रवचन संपलं होतं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली होती. तुमच्या धानोरीतले एक पुढारी माइक हातात घेऊन म्हणाले, "तात्या म्हणजे चालतंबोलतं पुणं! या शहरातली एकेक वास्तू त्यांना आतून-बाहेरून पाठ होती." 'आतून' म्हटल्याबरोबर मला शनिवारवाड्याच्या दारात मान वर करून उभे असलेले तुम्ही दिसलात आणि माझा बांधच फुटला. ओढणी तोंडात कोंबली, तरी आवाज व्हायचा तो झालाच. मी घाबरून काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. शेजारची बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "सावर गं बाई, सावर." तिला काय माहीत, काकू कशाने हलत होत्या ते.

म्हणजे तुम्ही घरी सांगितलं होतंत तर. मला वाटत होतं, त्या दिवशीचं गुपित आपल्या दोघांतच आहे.

तुमच्यासाठी हे साधं गुपित होतं. माझ्यासाठी नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. करंदीकर मॅडमनी मला परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात घेतलं ते सहा महिन्यांच्या बोलीवर. काम नीट केलं तर कायम, नाही तर परत दिग्रस. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "पुणं माहीत आहे का?" आणि मी म्हटलं होतं, "हो मॅडम, दोन वर्षं इथेच राहते." त्या म्हणाल्या होत्या, "राहणं आणि माहीत असणं यात फरक असतो. असो." त्या 'असो'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मला खरंच काही माहीत नव्हतं, तात्या. एम.ए.ची दोन वर्षं मी विश्रांतवाडीचं होस्टेल, विभागाचं ग्रंथालय आणि ती दोन ठिकाणं जोडणारी बस यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. फिरायचं ते पास झाल्यावर, असं मी मनाशी ठरवलं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलंच नव्हतं. बाबांचं दिग्रसच्या बसस्टँडमागे सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढता काढता ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "माही पोरगी पुन्यात फारेनच्या पोराईले पुनं दाखोते." मी अजून कुणाला काही दाखवलेलं नव्हतं. पण बाबांनी गावभर सांगून टाकलं होतं, आता मागे फिरायची सोय नव्हती.

आणि मग तो रविवार आला. नव्या तुकडीची पहिली सहल. अठरा मुलं-मुली, दहाबारा देशांतली, कुणाला पुण्यात येऊन महिना झालेला, कुणाला आठवडा. सगळी जबाबदारी माझ्यावर.

मी आठवडाभर खपून कार्यक्रमपत्रिका केली होती. लहानपणापासून मला तेवढंच जमतं. पुस्तकातून वाचायचं, नीट उतरवून काढायचं, अधोरेखित करायचं. लहानपणी वाचलेलं एक जुनं पुस्तक डोक्यात होतं, त्यात शनिवारवाडा सात मजली असल्याचं मोठं रसभरीत वर्णन होतं. तेवढ्या भांडवलावर मी छापून टाकलं: 'नऊ वीस: सात मजली राजवाडा, क्रमाक्रमाने सर्व मजले. दहा दहा: सातव्या मजल्यावरून शहराचे दर्शन व समूह छायाचित्र.' बस तुम्ही चालवणार म्हणून एक प्रत तुम्हालाही दिली. तुम्ही चष्मा लावून, बोट फिरवत, सगळी वाचलीत.

"सातवा मजला. लिफ्ट हाय का?"

"तात्या, पेशव्यांच्या वाड्यात कुठली लिफ्ट?"

"न्हाई, पोरं दमतील म्हनून इचारलं."

तुम्हालाही शंका आली नाही, हे मी नंतर किती वेळा आठवून हसले असेन!

आठ वाजता होस्टेलवरून निघालो. मी तुमच्या शेजारच्या सीटवर, मांडीवर फाइल, हातात माइक. येरवड्याला नदीवरच्या पुलावर आलो तेव्हा मी तुमच्याकडे वळून हळूच विचारलं, "तात्या, हाच लकडी पूल ना?"

 तुम्ही गिअर बदललात. पूल संपल्यावर म्हणालात, "लकडी पूल डेक्कनला, ताई. ह्यो येरवड्याचा. पुन्यात नवीन हाय का?"

"दोन वर्षं झाली."

"मंग दोन वर्सं कुटं व्हता?"

"होस्टेलवर."

तुम्ही आरशातून मागे बसलेल्या अठरा जणांकडे पाहिलंत, मग माझ्या हातातल्या माइककडे. "आन् ह्यास्नी पुनं तुमी दावनार."

मी रडकुंडीला आले. म्हटलं, "तात्या, हात जोडते. मॅडमना कळलं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही आतमध्ये माझ्याबरोबर याल? तुम्ही नुसतं मला सांगा, मी त्यांना इंग्रजीत सांगते."

"गाडी कोन बगनार?"

"गाडीला काय होतंय?"

"गाडीला काई व्हत न्हाई. म्हनूनच तिच्यापाशी थांबायचं असतं." हे वाक्य मला आजही नीट कळलेलं नाही. पण गाडी लावून तुम्ही उतरलात, टोपी झटकून पुन्हा घातलीत आणि माझ्या मागून चालायला लागलात. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता काळजी नाही, पुणं ज्याला पाठ आहे असा माणूस बरोबर आहे.

दिल्ली दरवाज्यापाशी तुम्ही थांबलात. त्या दारावरचे लोखंडी खिळे बघत, मान पार मागे टाकून. मी म्हटलं, "सांगा ना तात्या, मुलं वाट बघतायत."

"काय सांगू?"

"या दाराबद्दल."

"लई मोटं हाय."

"ते दिसतंय! इतिहास सांगा."

तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "ताई, तीस वर्सं हितं गाड्या लावतोय. आत आज पयल्यांदाच येतोय."

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. तुम्हीच घाईने खुलासा केलात, "डायवर कुटं आत येतो? पाशिंजर उतरलं की सीट मागं घ्यायची आन् डोळा लावायचा. ते परत आले की काय बोलत्यात ते ऐकायचं. माजं समदं पुनं ऐकीव हाय."

म्हणजे आपण दोघंही सारखेच. एकीचं पुणं पुस्तकातलं, एकाचं पाशिंजरांच्या तोंडचं. आणि आपल्या मागे अठरा पाहुणे, आतल्या सात मजल्यांच्या तयारीने बूट घट्ट बांधून उभे. मी स्वतःला म्हटलं, वाडा तर आहे ना समोर, तो बोलेल. आणि आपण आत गेलो.

आत हिरवळ होती. फुलझाडं होती. दगडी जोती होती, कारंज्याचं कोरडं कमळ होतं, बाकावर पेपर वाचत बसलेले एक आजोबा होते. वाडा नव्हता.

"अरे बापा!" माझ्या तोंडून निघालं.

पुण्यात आल्यापासून हा शब्द मी गिळून ठेवला होता. दोन वर्षांत एकदाही वऱ्हाडी शब्द बाहेर पडू दिला नव्हता. त्या दिवशी तो सगळ्या पटांगणात घुमला. मुलं इकडेतिकडे बघायला लागली. फरहाद, तो काबूलचा उंच मुलगा, त्याने पत्रिका उलटी धरून पाहिली, मग सुलटी. मी धावत पहारेकऱ्याकडे गेले, तुम्ही माझ्या मागोमाग.

"दादा, वाडा कुठे आहे?"

"वाड्यातच उभ्या आहात."

"तसं नाही, ती सात मजली इमारत?"

"ती जळली."

"कधी?"

त्याने माझ्याकडे, तुमच्याकडे आणि मागच्या अठरा जणांकडे शांतपणे पाहिलं. "दोनशे वर्षं उशीर केलात," तो म्हणाला आणि दुसऱ्या पर्यटकाकडे वळला.

तात्या, मी त्या वेळी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी परत येऊन, चेहरा सरळ ठेवून, इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की वरचे मजले सध्या दुरुस्तीसाठी बंद आहेत. बेथलेहेम, सगळ्यांची बेथी, पुढेच उभी होती. अदिस अबाबाची, वास्तुकला शिकायला आलेली, बारीक वेण्यांची, बोलायला अतिशय मऊ. ती म्हणाली, "मॅडम, माफ करा, पण मी काल रात्री वाचलं, आगीमध्ये सगळं..." आणि मला ओशाळं वाटू नये म्हणून ती पुढे बोललीच नाही. तिच्या त्या थांबण्यानेच मला जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा तुम्ही पुढे झालात. टोपी काढलीत. एक बोट माझ्याकडे केलंत. "मॅडम, फस्ट टाइम." मग स्वतःच्या छातीवर ठेवलंत. "मी, फस्ट टाइम." मग हात सगळ्यांवरून फिरवलात. "तुम, फस्ट टाइम. सब फस्ट टाइम. चलो!"

 मग फरहादने टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या आजोबांनी पेपर खाली घेऊन पाहिलं.

त्यानंतरचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. बेथी त्या जोत्यांमधून चालायला लागली. एखाद्या ठिकाणी थांबायची, पायाने दगड चाचपायची, आणि म्हणायची, इथे भिंत असेल, इथे चौक, इथे खांब बसवायची जागा. अदिस अबाबाहून आलेली मुलगी आपल्याला पुणं दाखवत होती, आणि आपण दोघं तिच्या मागून "व्हय का?" आणि "अरे बापा!" करत जात होतो. एका कोपऱ्यात ती म्हणाली, इथे जिना असेल. झालं! तुम्ही तिथेच गुडघे उचलून चढायला सुरुवात केलीत. रिकाम्या हवेत. "पयला मजला... दुसरा... ताई, धरा हात, पायऱ्या लई उंच हायत." तुमच्या मागे फरहाद, त्याच्या मागे सगळी फौज, गुडघे उचलत, धापा टाकत. पाचव्या मजल्यावर तुम्ही कमरेवर हात ठेवून थांबलात. "च्या भेटंल का हितं?"

सातव्या मजल्यावर, म्हणजे एका गुडघाभर उंच जोत्यावर, आपण सगळे दाटीवाटीने उभे राहिलो. तुम्ही कपाळाला आडवा हात लावून लांब बघितलंत. "आमचं धानोरी दिसतंय!" मी म्हटलं, "मला दिग्रस दिसतंय. बाबा दुकान उघडतायत." मग ते सुरूच झालं. बेथीला अदिस अबाबा दिसलं. कुणाला नैरोबी, कुणाला थिंफू. फरहाद सगळ्यात शेवटी, सगळ्यांपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "काबूल." तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि विचारलंत, "आई हाय का घरी?" त्याला मराठी कळत नव्हतं. त्याने 'आई' तेवढं ओळखलं आणि मान हलवली. समूह छायाचित्र तिथेच काढलं. दहा वाजून दहा मिनिटंच झाली होती, हे मी मुद्दाम घड्याळात पाहिलं.

त्यानंतर पाताळेश्वर. तिथे तरी मी काही बोलले नाही, आणि बरं झालं. एका अखंड खडकातून खाली खोदत गेलेलं ते देऊळ पाहून बेथी अंगणातच बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या देशात अशीच देवळं आहेत म्हणे, वरून खाली जमिनीत खोदलेली, आणि तिची आजी तिला तिथे न्यायची. तुम्ही तिच्या शेजारी मांडी घालून बसलात आणि भिंतीवर तळहात फिरवलात. "हे बगा," म्हणालात, "ह्या रेघा छिन्नीच्या. हितला मानूस डावखुरा हाय. आन् हितं त्यो दमलाय, घाव उथळ पडल्यात." मी विचारलं, "तात्या, हे पण पाशिंजरांकडून ऐकलं?"

"न्हाई. ईर खनलीया मी. म्या, माज्या बापानं आन् चुलत्यानं. काळ्या पाशानात, तीन उन्हाळं. हे कळतं मला."

"कुठे आहे ती विहीर?"

"सोसायटीचं पार्किंग हाय आता तिच्यावर," तुम्ही म्हणालात, आणि लगेच बेथीला खुणेने विचारलंत की त्यांच्याकडे खडक काळा की लाल. ती म्हणाली, लाल. तुम्ही मान डोलावलीत. "लाल मऊ असतो. तुमच्या लोकांचं बरं हाय." मी भाषांतर केलं तेव्हा ती डोळे पुसत पुसत हसली. त्या दिवसात मी इमानदारीने केलेलं ते पहिलं काम.

संध्याकाळी खडकवासला. भणाणता वारा, भाजलेली कणसं, कांदाभजी, आणि धरणाच्या पाण्यावर उतरतं ऊन. पत्रिकेत मी तिथे 'जलव्यवस्थापनाची माहिती' असं छापलं होतं. माहिती कुणी विचारली नाही. फरहादने मोबाइलवर त्यांच्याकडचं एक गाणं लावलं आणि गोल करून नाचायला लागला, आणि दोन मिनिटांत तुम्ही टोपी माझ्याकडे देऊन त्या गोलात होतात. तुमचा नाच गावच्या वरातीतला, त्यांचा काबूलचा, पण टाळ्यांचा मेळ बसत होता. कणीसवाल्या मावशी मला म्हणाल्या, "ते टक्कलवाले तुमचे वडील का?" मी म्हटलं, "नाही हो, आमचे ड्रायव्हर." त्या म्हणाल्या, "गाडी सोडून हितं कसे?" खरंच, गाडीजवळ कुणीच नव्हतं. गाडीला काही झालं नाही.

परत येताना मागे सगळी झोपली होती. मी तुम्हाला म्हटलं, "तात्या, मॅडमना यातलं काही सांगू नका हं." तुम्ही समोर बघत म्हणालात, "तुमी सांगा."

"मी? वेड लागलंय का मला?"

"मजा आली ना पोरांस्नी? मंग सांगायला काय जातंय?"

"नोकरी जाते."

तुम्ही 'हं' म्हणालात. एवढंच. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते चार वर्षं संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. 'विद्यार्थ्यांना वास्तूची सविस्तर माहिती देण्यात आली. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' तुम्ही चहाला आलात तेव्हा हौसेने वाचून दाखवला. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि विचारलंत, "कुनी दिली माहिती?" मी म्हटलं, "अहवालात असंच लिहितात." तुम्ही म्हणालात, "मंग बरं हाय. आग बी अशीच लागली असंल वाड्याला. लावण्यात आली."

मुलांनी अभिप्रायात माझं भरभरून कौतुक केलं. सहा महिने झाले, मी कायम झाले. बाबांनी दुकानात पेढे वाटले. आणि दर वर्षी नवी तुकडी आली, सहलीची तारीख ठरली, की तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचात. "सांगितलं का?" "नाही तात्या." "यंदा?" "तात्या, चार चांगली कामं केली आहेत मी. आता ते जुनं कशाला उकरायचं?" "चांगली केली म्हनूनच म्हनतोय." एकदा मी चिडून बोलले, "तुम्हाला काय जातंय? तुमचं वय झालं, नोकरी झाली. माझ्या घरात पगार आणणारी मी पहिली आहे. तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही निघून गेलात आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन आलात. आपल्यात माफी मागायची पद्धतच नव्हती. त्या वाक्याची माफी राहिली आहे, तात्या. तेवढी आज घ्या.

पण त्या चार वर्षांत तुम्ही मला काय काय दिलंत! कुणाला विमानतळावर सोडून रिकामी बस परत यायची, तेव्हा मी बरोबर असले तर तुम्ही मध्येच कुठेतरी बाजूला घ्यायचात. "उतरा. पंधरा मिन्टं." आणि स्वतःही उतरायचात. अशी पंधरा-पंधरा मिनिटांनी आपण पुणं पाहिलं. पर्वती, मंडई, पेठांमधली देवळं, नदीवरचे पूल एकेक करून. एका सहलीला तर लकडी पुलावर तुम्ही मुद्दाम बस हळू केलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "ताई, येरवडा आला." पुढे कधीतरी तुम्ही मला 'ताई'वरून 'पोरी'वर आणलंत आणि माझ्या लक्षातही आलं नाही. बाबा पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा तुम्ही स्टेशनवर घ्यायला आला होतात. बाबांनी रामराम करायच्या आधी बसची चारही चाकं वाकून पाहिली आणि म्हणाले, "मागच्यात हवा कमी हाये." तुम्ही म्हणालात, "पोरगी बापावर गेली न्हाई. बाप बगून बोलतो." दोघं असे हसलात की मी हमालांच्या मध्ये बॅगा धरून एकटीच उभी.

बाबांना फोनवर तुमचं कळवलं. ते म्हणाले, "मानूस उतरून भेटनारा होता."

घाटावरून परत आले आणि दोन दिवस मला काही सुचेना. दुःख होतंच, पण त्याहून जास्त एक टोचणी होती. चार वर्षं तुम्ही एकच गोष्ट मागितलीत, आणि मी ती दिली नाही. काल सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले.  म्हटलं, "मॅडम, मला एक सांगायचं आहे. माझ्या पहिल्या सहलीचा अहवाल खोटा होता." आणि सगळं सांगितलं. लकडी पूल, सातवा मजला, दुरुस्तीची थाप, बेथी, अभिप्राय. मुलाखतीत मारलेली थापसुद्धा. "कायम केलंत ते त्या अहवालावर. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा."

मॅडम कागदावर सही करत होत्या. सही पूर्ण केली, टोपण लावलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्याच संध्याकाळी तात्या गाडीची किल्ली द्यायला आले होते. मी विचारलं, नवी मुलगी कशी आहे? म्हणाले," आणि मॅडमनी चक्क तुमचा आवाज काढला, तात्या, करंदीकर मॅडमनी, "'म्याडम, तिला पुन्यातलं काई ठावं न्हाई. मला बी न्हाई. पर अठरा पोरं नेली, अठरा आनली, आन् दिवसभर एकाचं बी त्वांड मोबाइलात न्हवतं. ठेवा तिला.' म्हणून ठेवली. तुझा अहवाल मी वाचलाच नाही. अहवाल कोण वाचतं?"

"पण मग तुम्ही मला कधी..."

"त्यांची अट होती. 'म्या सांगितलं असं तिला सांगू नका, तिचं तिला सांगू द्या.' मला वाटलं, आठवडाभरात येशील." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "चार वर्षं. असो."

तात्या! चार वर्षं तुम्ही माझ्या टेबलाशी उभे राहून "सांगितलं का" विचारत होतात, आणि मी प्रत्येक वेळी माझी नोकरी तुमच्यापासून वाचवत होते, जी तुम्हीच पहिल्या संध्याकाळी पक्की करून ठेवली होतीत. मी तुम्हाला त्या दिवशी काय काय बोलले, आणि तुम्ही पोळ्या आणून दिल्यात. एका शब्दाने सांगितलं असतं तर भांडण मिटलं असतं. तुम्ही मिटू दिलं नाहीत. मला माझ्या तोंडाने म्हणायला लावायचं होतं, आणि त्यासाठी तुम्ही कितीही वर्षं उभे राहिला असतात, चहाची बशी हातात धरून.

तिथेच मॅडमच्या समोर माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तो हवेतला जिना आठवून पोटातून हसूही वर यायला लागलं. दोन्ही एकदम. तोंडावर हात धरून मी उभी होते, आणि यातलं काय आधी बाहेर पडेल ते मलाच कळत नव्हतं.

मॅडमनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "रडायचं असेल तर बाहेर जा, पाच मिनिटांत मीटिंग आहे," त्या म्हणाल्या. "हसायचं असेल तर बस."

मी बसले, तात्या.